डाव्या हाताची शिवण

आमच्या घरात माणसं एकतर घरात असायची, नाहीतर मेलेली असायची. मधलं काही नव्हतं. किसनमामा तेवढे मधेच लटकून राहिले होते. किसनमामा म्हणजे माझ्या कौसाआत्याचे यजमान. मी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणजे पाहिलं असेल तर पाळण्यातून. त्या वर्षी ते हळदीची गाडी घेऊन वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात गेले, हळद उतरवली, गाडी-बैल गावातल्याच एका गाडीवानाच्या हवाली केले आणि "आलोच" म्हणून जे गेले ते गेले. कोणी सांगे नांदेडच्या टेसनावर दिसले, कोणी सांगे हैदराबादेत हॉटेलात कपबशा धुताना दिसले. सासरच्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग "हिच्यापायीच गेला, हिला तुमीच ठेवा" म्हणून आत्याला कुरुंद्याला आमच्या दारात आणून सोडलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, नवरा नव्हता. सणाला सवाष्ण म्हणून तिला कोणी बोलवायचं नाही आणि विधवा म्हणून कोणी सोडायचंही नाही.

आत्या दिसायला देखणी आणि बोलायला विंचू. घरातलं सगळं काम तीच करायची. हळदीच्या दिवसांत पहाटे हळद शिजवायच्या कढईखाली जाळ घालण्यापासून ते संध्याकाळी खळ्यातली हळद गोळा करण्यापर्यंत. तिचे हात बारा महिने पिवळे असायचे. माझी माय दाराशी बसून "कौसाबाई, हे राह्यलं, कौसाबाई, ते राह्यलं" एवढंच म्हणायची. आत्या उलटून बोलायची नाही. तिचा राग वरून खाली वाहत यायचा, आणि घरात सगळ्यांत खाली होते मी.

मी डावरी जन्मले, हा माझा गुन्हा. किसनमामाही डावरे होते. मी दोन वर्षांची असताना डाव्या हातानं भाकरी उचलली तेव्हा आत्यानं ती हातातून हिसकून घेतली म्हणे, आणि त्या दिवसापासून जेवताना माझा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं पाठीमागं बांधायला सुरुवात केली. "डावरं माणूस घराला टिकत न्हाई," ती म्हणायची. चुकून हात सुटला की तव्यावरचं उलथनं बोटांवर बसायचं. मधल्या बोटाच्या सांध्यावर अजून डाग आहे, पावसाळ्यात ठणकतो. मायला हे दिसत नव्हतं असं नाही. तिसरीत जाईपर्यंत मी उजव्या हातानं लिहायला, जेवायला, झाडायला लागले, आणि आत्या आल्यागेल्याला अभिमानानं सांगायची, "म्या मोडला तिचा डावा हात." सगळ्यांनी ते खरं मानलं. पण हात असा मोडत नसतो. एकटी असले की मी सगळं डाव्यानंच करायची. विहिरीच्या मागं बसून डाव्या हातानं जमिनीवर माझं नाव लिहायचं, नंदा, नंदा, नंदा, आणि पायानं पुसून टाकायचं.

आता पोत्याचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हळद पोत्यात भरली की पोत्याचं तोंड दाभणानं, म्हणजे मोठ्या सुईनं, सुतळी ओवून शिवतात. दोन्ही टोकांना कापडाचे कान सोडायचे, म्हणजे हमालाला धरायला बरं. सगळं जग उजव्या कानापासून शिवायला सुरुवात करतं आणि टाके एका बाजूला कलतात. किसनमामा डाव्या कानापासून शिवायचे. त्यांचे टाके उलटे कलायचे, आणि शेवटी ते साधी गाठ न मारता सुतळीचे तीन वेढे घेऊन गाठ ओढायचे. मोंढ्यातले हमाल लांबूनच पोतं ओळखायचे, "हे डावऱ्या किसनचं." ते गेले त्या दिवशी गाडीत न मावलेलं एक पोतं मागं राहिलं होतं. ते त्यांनी शिवलेलं शेवटचं पोतं. आत्यानं ते सासरहून येताना सोबत आणलं आणि धान्याच्या खोलीत कोपऱ्यात उभं केलं. ते कधीच उघडलं नाही. आत हळदीचा किड्यांनी भुगा केला असणार, पोत्याच्या शिवणीतून पिवळी पूड गळायची, आत्या ती रोज झाडायची. मी त्या पोत्याला टेकून कॉमिक्स वाचायची, आणि वाचता वाचता माझी बोटं त्या टाक्यांवरून फिरायची. ती शिवण मला तोंडपाठ झाली. पाढे कधी झाले नाहीत.

कॉमिक्स आणायचा माझा थोरला भाऊ उत्तम. तो एसटीनं वसमतच्या हायस्कुलात जायचा आणि स्टँडजवळच्या एका टपरीवरून एका दिवसाच्या भाड्यानं हिंदी कॉमिक्स आणायचा. त्याला लोहगरुडाचं वेड होतं. लोहगरुड म्हणजे पोलादी पंखांचा माणूस, शहरावर संकट आलं की उडत यायचा. त्याचा जोडीदार चकोर, पंख नसलेला, नुसत्या दोरावर इमारतींवरून झुलणारा. मला लोहगरुड आवडायचा नाही, फार भाषणं द्यायचा. मला चकोर आवडायचा. एका अंकात धरण फुटत होतं आणि चकोरनं लोहगरुडाला वर ढकललं आणि स्वतः पाण्यात गेला. प्रेत सापडलं नाही. लोहगरुडानं त्याचे बूट आपल्या गुहेत दिव्याजवळ ठेवले. त्या दिवशी उत्तम आणि मी दोघंही जेवलो नाही, आणि मायनं दोघांना बडवलं.

आत्याला वाचता यायचं नाही. दुपारी ती हळकुंडं निवडायला बसली की मी शेजारी बसून हिंदीचं आमच्या बोलीत करून सांगायची. पहिल्यांदा ती म्हणाली, "माणूस उडून राहिला? काय थोतांड हाय!" पण चकोर पाण्यात गेला तशी तिचे हात थांबले. मग उत्तम घरी आला की तो दप्तर ठेवायच्या आत ती विचारायची, "आला का रं तो, पाण्यात गेलेला?" सगळं घर हसायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "कौसे, तुझ्यापरीस लेकरं बरी." ती लाजायची. आत्या लाजते हे मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

पुढं एक अंक आला, त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं, 'क्या चकोर ज़िंदा है?' लोहगरुडाच्या गच्चीच्या कठड्याला सकाळी एक दोर बांधलेला सापडतो, आणि त्याला चकोरची गाठ. ती गाठ जगात दुसऱ्या कोणाला येत नसते. लोहगरुड गुडघ्यावर बसतो आणि अंक तिथंच संपतो, बाकी पुढल्या भागात. मी तर नाचायलाच लागले. "आत्या, आला! जित्ता हाय!" आत्यानं हळकुंड सुपात टाकलं. "तो न्हाई," ती म्हणाली.

"काहून न्हाई? गाठ त्याची हाय ना."

"गाठीला काय धनी असतो का? कोणीबी शिकतं. दुष्मनानं मारली असंल. यायचं असतं तर दोर बांधून गेला असता व्हय? दारात येऊन पाणी मागितलं असतं." असं म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला चूल पेटवायला पिटाळलं. मला तिचा असा राग आला! चकोर परत येत होता आणि ही बाई त्याला येऊ देत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात किसनमामांना जाऊन बारा वर्षं भरत होती. आमच्याकडे रीत अशी की बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि तेरावं घालायचं. मग तो मेला. मग त्याच्या बायकोला बांगड्या फोडाव्या लागतात, पण तिचा दुसरा पाटही लावता येतो. अण्णांनी गुपचूप स्थळही पाहून ठेवलं होतं. सिद्धेश्वरकडचे माधवराव, बायको बाळंतपणात गेलेली, कालव्याखाली शेत, एक लहान पोरगी. एकदा ते आमच्याकडे आले. काळेसावळे, हळू बोलणारे. त्यांना आंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली तर ते आत्याकडे न बघता म्हणाले, "भाजी लई दिवसांनी खाल्ल्यावानी वाटली." एवढंच बोलणं. पण ते गेल्यावर आत्या चुलीपुढं बसून नुसतीच राहिली, आणि भाकरी करपली, आणि तिला ते कळलं नाही. पुढले पंधरा दिवस तिनं मला एकदाही मारलं नाही. ती गुणगुणायची. माय मला म्हणाली, "बघ, म्हातारपणी घोडीला शिंगं." आत्या तेव्हा तिशीचीच होती.

तिला सुखानं राहू देईन ती मी कसली! ती जाणार म्हणून मला वाईट वाटत होतं असं आज मी म्हणू शकले असते, वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. मला ती हसते हेच सहन होत नव्हतं. माझे सांधे ठणकत होते आणि ती गुणगुणत होती.

अशात पुढला भाग आला, 'चकोर की वापसी'. उत्तमनं दप्तरातून काढून माझ्या हातात दिला. आत्या कढईजवळ होती, धावत आली. "वाच, वाच." मी अंक पाठीमागं लपवला आणि म्हणाले, "तुला आता काय करायचंय चकोराचं? जुना मरू दे ना. तुला नवा भेटला." शेजारच्या दोन बाया होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. आत्याचं तोंड पांढरं पडलं. तिनं माझ्या हातून अंक ओढला आणि न बघता कढईखालच्या जाळात टाकला. एक पानही वाचलं नव्हतं मी. चकोरचा निळा मुखवटा आधी तपकिरी झाला, मग काळा. उत्तमनं मला पट्ट्यानं मारलं, टपरीवाल्यानं त्याला पुन्हा अंक दिला नाही, आणि चकोर आला की नाही हे मला कळायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

चार दिवसांनी अवस होती, अवसेला पुतळा जाळायचा ठरला होता. पळसाची पानं अंगणात येऊन पडली होती. अवसेच्या दोन दिवस आधी दुपारी गावात एक लग्न होतं, सगळं घर पंगतीला गेलं. मी पोट दुखतं म्हणून राहिले. ओसरीवर मोंढ्याला जायची पोती शिवून उभी होती, एक तेवढं तोंड उघडं राहिलेलं, सांगावा आला म्हणून गडी तसंच टाकून गेला होता. दाभण त्याच्यातच खोवलेलं. मी उजव्या हातात धरलेलं दाभण डाव्या हातात घेतलं. हात बारा वर्षांचा, पण असा चालला की जणू हेच काम करायला जन्मला. डाव्या कानापासून, उलटे टाके, शेवटी तीन वेढे आणि ओढ. माझ्या डाव्या हातानं उजेडात केलेलं ते पहिलं काम. मला फार आनंद झाला, हे लिहायला हवं. मग मी गोधडी घेऊन झोपले.

लग्नाहून आल्यावर आत्या पोती मोजायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. अण्णा हाक मारत गेले. ती त्या पोत्यापुढं खाली बसलेली, लोहगरुड बसला होता तशीच. बोटं टाक्यांवर. "दादा," ती म्हणाली, "हे आले व्हते."

"कोण?"

"हे. आपुन पंगतीला गेलो तवा आले. म्या त्यांना जाळायला निघाले ना. ते बघून गेले."

अण्णांनी गड्याला बोलावलं. तो कानावर हात ठेवून म्हणाला, "म्या न्हाई शिवलं, मालक. मला तर येत बी न्हाई तसं." मी गोधडीतून ऐकत होते. आता ती माझ्याकडे बघेल, आता ओळखेल, डावरी या घरात आणखी कोण होती? पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा डावा हात तिनं स्वतः मोडला होता, तिची खात्री होती. अण्णा म्हणाले, "कोणीतरी चेष्टा केली असंल, कौसे." त्यावर ती ओरडली, "ही गाठ दुसऱ्या कोणाला येत न्हाई!" चार आठवड्यांपूर्वी गाठीला धनी नसतो असं सांगणारी हीच बाई.

गाव तर काय, तयारच असतं. संध्याकाळपर्यंत एकानं ओढ्याजवळ धोतरवाला परका माणूस पाहिला होता, दुसऱ्यानं त्याला पाणी पाजलं होतं, तिसऱ्याला तो डाव्या हातानं पाणी पिताना दिसला होता. पळसाची पानं आत्यानं म्हशीपुढं टाकली. पुतळा झाला नाही. माधवराव स्वतः आले, ओसरीवर टोपी काढून बसले. आत्या दाराआडून म्हणाली, "माझा माणूस जित्ता हाय. मला पाप लावू नका." ते म्हणाले, "मी थांबतो." आणि खरंच थांबले, पुढल्या हळदीपर्यंत. मग त्यांनी दुसरीकडे लग्न केलं.

माधवराव ओसरीवरून उठून गेले त्या दिवशी मात्र माझ्या पोटात खरंच दुखायला लागलं. मी गोठ्यात जाऊन मायला सगळं सांगितलं. माय धार काढत होती, तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून म्हणाली, "आणखी कोणाला बोललीस?"

"न्हाई."

"मग बोलू नको. ती गेली तर कढईवर कोण बसंल? तू?" आणि धारेचा आवाज तसाच चालू राहिला.

मला हे अजून समजत नाही, की बारा वर्षांच्या पोरीला हे उत्तर इतकं बराबर कसं वाटलं. मी गप्प बसले. शिकले, मास्तरीण झाले, वसमतला घर केलं, लोकांच्या डावऱ्या लेकरांचे हात कधी बांधले नाहीत आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. आत्या कढईवरच राहिली. अण्णा गेले, माय गेली, कढईच्या जागी हळद वाफवायचा कुकर आला, आत्या कुंकू लावून दाराकडे तोंड करून बसलेली.

गेल्या उन्हाळ्यात उत्तमचा नातू मोबाईलवर काहीतरी वाचत होता. बघते तर लोहगरुड. जुने अंक कोणीतरी टाकलेत म्हणे त्यावर, सगळे. मी त्याला 'चकोर की वापसी' शोधायला लावलं. चष्मा लावून अंगणात उभ्याउभ्या वाचलं. मग आत गेले. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, तिला माणसाचा नुसता आकार दिसतो. मी तिला म्हणाले, "आत्या, चकोरचा पुढला भाग सापडला."

तिला आठवलं. लगेच आठवलं. "आला का तो?"

"न्हाई. गाठ दुसऱ्यानंच मारली व्हती. घरातल्याच माणसानं."

"मी म्हणलं न्हवतं?" ती खुलली. तोंडात दात नाहीत, तरी हसली. "मग त्या गाठ मारणाराचं काय केलं?"

"कोठडीत टाकलं."

"थोडं झालं," आत्या म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं. पोतं मी शिवलं होतं, लग्नाच्या दिवशी, डाव्या हातानं. ती मान हलवत राहिली. "चल! तुझा डावा हात म्या मोडला व्हता." मी ओसरीवरचं एक पोतं ओढून आणलं, दाभण आणलं, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि शिवलं. डाव्या कानापासून. तीन वेढे. मग तिचा हात धरून त्या शिवणीवर ठेवला.

तिची बोटं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेली आणि परत आली. गाठीवर थांबली. बाहेर हळद घासायचा ड्रम गडगडत होता, तो थांबून पुन्हा सुरू झाला.

"माधवराव हायेत का अजून?" तिनं विचारलं.

"गेले. दोन वर्षं झाली."

"मंग आता काहून सांगितलंस?"

मला हलकं व्हायचं होतं, पण ते तिला कोणत्या तोंडानं सांगू. तिनं पोतं माझ्याकडे ढकललं.

"उसव ते," ती म्हणाली. "उजव्या हातानं शिव."

मी उसवलं. उजव्या हातानं शिवलं. तिनं पुन्हा हात फिरवून बघितलं, बराबर आहे म्हणाली, आणि चहा टाकायला सांगितला.